टोकियोत घड्याळ घेताना : घरच्या तयारीपासून मुंबईच्या कस्टम्सपर्यंत

माझी धाकटी बहीण टोकियोत निशी-कासाईला राहते. तिच्याकडे दोनदा जाणं झालं आणि दोन्ही वेळा मी घड्याळ घेऊन आले. पहिलं माझ्यासाठी, दुसरं सासऱ्यांसाठी. दोन्ही घड्याळं उत्तम आहेत, पण दोन्ही घेताना मी चुकले. माझ्या घड्याळाचा चामड्याचा तपकिरी पट्टा ठाण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात बुरशीने खराब झाला. सासऱ्यांचं घड्याळ रोज रात्री रेडिओ लहरींवरून स्वतःची वेळ जुळवून घेतं म्हणून घेतलं होतं, आणि त्या लहरी भारतापर्यंत पोचतच नाहीत. दुकानात मला कुणी फसवलं नाही. मीच विचारलं नाही.

घड्याळ टोकियोत विकत घेतलं तरी चालायचं असतं ते ठाण्यात, नाशकात, रत्नागिरीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ही गोष्ट मनात धरून पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

घरूनच करून जायचं काम

निम्मी खरेदी घरी होते. आपल्याला नेमकं कोणतं घड्याळ हवंय, निदान कोणत्या दोन-तीनपैकी एक हवंय, हे इथूनच ठरवून जा. टोकियोच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये काचेच्या कपाटांच्या रांगाच्या रांगा असतात. तिथे उभं राहून ठरवू म्हटलं तर डोळे दिपतात आणि भलतंच काहीतरी घेतलं जातं.

मॉडेलचा क्रमांक लिहून घ्या, आणि शक्यतो दोन्ही क्रमांक. बऱ्याच जपानी घड्याळांना देशांतर्गत बाजारासाठी एक आणि परदेशांसाठी दुसरा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, सेइकोच्या प्रॉस्पेक्स मालिकेतलं एसपीबी१४३ आणि एसबीडीसी१०१ हे एकच, पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं (डायव्हर) घड्याळ आहे. पहिला क्रमांक परदेशातला, दुसरा जपानमधला. हे माहीत नसेल तर भारतातली किंमत आणि तिथली किंमत शेजारी ठेवून बघताच येत नाही, आणि ती बघायलाच हवी. तेच घड्याळ मुंबईच्या किंवा पुण्याच्या अधिकृत दुकानात थोड्याच फरकाने मिळत असेल, तर इथेच घेतलेलं बरं. इथली हमी मिळते, बिल रुपयांत होतं आणि विमानतळावरची काळजी राहत नाही.

मनगट मोजा. मनगटाभोवती दोरा गुंडाळा आणि तो पट्टीवर मोजा. दुकानात हा आकडा सांगितला की त्यांचं काम सोपं होतं. शिवाय मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी मोजा. घड्याळाचा व्यास सगळे बघतात, पण पट्टा अडकवायच्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी फारसं कुणी बघत नाही. ती त्या सपाट भागापेक्षा जास्त असेल तर घड्याळ हातावर वाटीसारखं पालथं घातल्यासारखं दिसतं.

आणि तुमच्या हातात आधीपासूनच एखादं भारी घड्याळ असेल, तर भारतातून निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून त्याचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. परत येताना 'हे मी इथूनच नेलं होतं' हे सांगायला तो कागद लागतो. मोकळ्या हाताने गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

यंत्र कोणतं घ्यावं

आपल्या आईवडिलांच्या पिढीला जपानी घड्याळ नवं नाही. बंगळुरूचा एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानेच उभा राहिला. रोज सकाळी चावी द्यायचं ते 'जनता' कित्येक घरांत अजून कपाटात असेल. तसं चावीचं घड्याळ हवं असेल तर आजही मिळतं, पण बहुतेक जण ऑटोमॅटिक घेतात. ते हाताच्या हालचालीवर स्वतःला चावी देतं आणि काढून ठेवलं की ठरावीक तासांनी थांबतं. सेइकोच्या साध्या ४आर३६ यंत्रात साधारण ४१ तासांचा साठा असतो, ६आर३५ मध्ये ७० तासांचा. म्हणजे पहिलं शनिवार-रविवार टेबलावर राहिलं तर सोमवारी बंद मिळेल, दुसरं चालू असेल.

नवख्या माणसाची मोठी निराशा होते ती अचूकतेबद्दल. यांत्रिक घड्याळ, म्हणजे चावीचं किंवा ऑटोमॅटिक, सेलवाल्यापेक्षा कितीतरी महाग असतं आणि वेळ त्याच्यापेक्षा कमी अचूक दाखवतं. ४आर३६ साठी कंपनीनेच दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे इतकी सूट धरलेली आहे. ६आर३५ साठी ती २५ पुढे, १५ मागे. सेइकोच्याच महागड्या 'ग्रँड सेइको' घड्याळांचं यांत्रिक यंत्र ५ पुढे, ३ मागे इतकं कसलेलं असतं. याउलट त्याच ग्रँड सेइकोचं ९एफ क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, यंत्र वर्षाला १० सेकंदांच्या आत राहतं. क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ, अ‍ॅस्ट्रॉन, सेइकोने २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोतच विक्रीला आणलं. तेव्हा ज्यांना लोकलची वेळ गाठायची आहे त्यांनी क्वार्ट्झ घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना आत चक्रं फिरतात याचं सुख हवंय त्यांनी यांत्रिक घ्यावं आणि आठवड्यातून एकदा काटे जुळवायची तयारी ठेवावी.

सिटिझनची इको-ड्राइव्ह आणि कॅसिओची टफ सोलर घड्याळं उजेडावर चालतात. सेल बदलायची कटकट नाही, म्हणून घरातल्या ज्येष्ठांना देण्यासाठी मला ती सगळ्यात योग्य वाटतात. फक्त रेडिओवरून वेळ जुळवण्याचं नीट समजून घ्या, कारण माझी चूक तिथे झाली. जपानमध्ये फुकुशिमा आणि क्यूशू अशा दोन ठिकाणांहून ४० आणि ६० किलोहर्ट्झवर वेळेचा सिग्नल सोडला जातो आणि तो साधारण हजार किलोमीटर पोचतो. यातली बरीच घड्याळं जपानशिवाय चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी इथले सिग्नल पकडतात. त्या यादीत भारत नाही. भारतात ते घड्याळ साध्या क्वार्ट्झसारखं चालतं, बिघडत नाही, पण ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते मिळत नाही. त्याऐवजी मोबाइलशी ब्लूटूथने जोडता येणारं किंवा उपग्रहावरून वेळ घेणारं मॉडेल मागा. ते इथेही चालतं.

आता आपली हवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी चामड्याचा पट्टा कितीही आवडला तरी स्टीलची चेन किंवा रबराचा पट्टा असलेलं घड्याळ घ्यावं. चामड्याचा पट्टा नंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हौसेने लावता येतो. पाण्याच्या बाबतीत (बार हे दाबाचं माप) '३ बार' म्हणजे हात धुताना उडणारे थेंब, '५ बार' म्हणजे थोडं अधिक, आणि '१० बार' असेल तर पोहताना चालेल. मागे '५० मीटर' लिहिलंय म्हणून ते ५० मीटर पाण्यात नेता येत नाही, तो प्रयोगशाळेतल्या दाबाचा आकडा आहे. आपल्या पावसात छत्री असूनही मनगट भिजतंच, म्हणून मी १० बारच्या खाली जात नाही. गरम पाण्याच्या अंघोळीला मात्र कोणतंही घड्याळ काढून ठेवा. काच शक्यतो सफायर घ्या, लोकलच्या दांड्याला घासून तिच्यावर ओरखडे उठत नाहीत.

दुकान

टोकियोच्या गिन्झा भागातल्या चौकात घड्याळाचा मनोरा असलेली इमारत तुम्हाला लगेच ओळखू येईल. १८८१ मध्ये किन्तारो हात्तोरी यांनी सुरू केलेल्या घड्याळाच्या दुकानातून सेइको वाढली. हा मनोरा १९३२ चा, त्याच कंपनीचा. १९४५ च्या बॉम्बवर्षावातून ही इमारत वाचली. तिच्यातलं वाको हे दुकान निवांत आणि भारी आहे. घ्यायचं नसलं तरी तासाच्या ठोक्याला त्या चौकात उभं राहा, घंटा ऐका. समोरच मित्सुकोशी हे डिपार्टमेंट स्टोअर आहे आणि थोडं चालून गेलं की मात्सुया. निहोंबाशीचं मित्सुकोशी, ताकाशिमाया आणि शिंजुकूचं इसेतान हीही घड्याळांसाठी नावाजलेली दुकानं आहेत.

डिपार्टमेंट स्टोअरमध्ये किंमत छापलेली असते तीच. घासाघीस करायची नाही, तिथे ती कुणी करतच नाही. योदोबाशी किंवा बिक कॅमेरा यांसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत कॅसिओचं जी-शॉकसारखं घड्याळ बरेचदा स्वस्त मिळतं. मग डिपार्टमेंट स्टोअरमध्ये का जायचं? कारण घड्याळ हातावर बसवून देण्याचं त्यांचं काम फार चांगलं असतं, हमीचे कागद ते नीट भरून देतात, आणि भारी यांत्रिक घड्याळांची निवड तिथे मोठी असते. माझं मत विचाराल तर दहा-पंधरा हजार येनचं सोलर किंवा जी-शॉक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घ्या आणि आयुष्यभर वापरायचं एखादं घड्याळ डिपार्टमेंट स्टोअरमधून.

आठवड्यातला साधा दिवस निवडा आणि दुकान उघडतानाच पोचा, म्हणजे साधारण दहा-साडेदहाला. दार उघडताना सगळे विक्रेते आपापल्या विभागासमोर उभे राहून वाकून स्वागत करतात. पहिल्या वेळी मी गोंधळून त्यांना नमस्कार केला, आणि त्यांना ते आवडलं असं दिसलं.

आत गेल्यावर लगेच घड्याळांकडे जाऊ नका. आधी परदेशी पाहुण्यांसाठीचा काउंटर शोधा. बऱ्याच मोठ्या दुकानांत पासपोर्ट दाखवला की पाच टक्के सवलतीचं कार्ड किंवा कूपन मिळतं. काही भारी घड्याळांवर आणि सेलमधल्या वस्तूंवर ते चालत नाही, म्हणून कार्ड घेतानाच मॉडेलचं नाव दाखवून विचारा. बिल झाल्यावर कार्ड दाखवून काही उपयोग नाही.

काउंटरवर

काच ठोठावू नका, घड्याळाकडे बोट करून 'कोरे ओ मिसेते कुदासाई' म्हणा. म्हणजे 'हे दाखवाल का'. विक्रेता हातमोजे घालून घड्याळ मखमली तबकात ठेवतो. तुमच्या हातात अंगठी, बांगडी, दुसरं घड्याळ असेल तर आधी काढा. स्टीलला ओरखडा उठू नये म्हणून ते मनातल्या मनात कासावीस होतात, पण तोंडाने बोलत नाहीत.

घड्याळ हातात घेतल्यावर चावी स्वतः फिरवू नका, त्यांना फिरवायला सांगा. काट्याचं टोक रेषेवर नेमकं बसतंय का, चेनचं बटण नीट मिटतंय का ते बघा. जपानी बाजाराच्या काही मॉडेल्समध्ये वार जपानी लिपीत असतो. घाबरू नका, बहुतेक वेळा त्याच चकतीवर इंग्रजी वारही असतो आणि चावीने निवडता येतो, पण हे दाखवून मागा. कपाटातलं दाखवायचं घड्याळ न घेता नवीन पेटीतलं आहे का, हेही विचारायला हरकत नाही. नसेल तर ते स्पष्ट सांगतात.

पसंत पडलं की चेन बसवून मागा. ते मनगट मोजतात, कड्या काढतात, पुन्हा घालून बघतात. टोकियोत थंडीत गेलात तर एक लक्षात ठेवा, आपल्या उन्हाळ्यात मनगट जरा फुगतं. करंगळी आत जाईल इतकी सैल ठेवायला सांगा. काढलेल्या कड्यांना तिथे 'कोमा' म्हणतात. त्या छोट्या पुडीत घालून देतात. ती पुडी घरी आल्या आल्या दागिन्यांच्या डब्यात ठेवा. पाच वर्षांनी त्याच कड्या ठाण्यात शोधून मिळत नाहीत.

मग हमीपत्र. 'कोकुसाई होशो' म्हणजे आंतरराष्ट्रीय हमी आहे का, हा प्रश्न नक्की विचारा. जपानच्या बाजारासाठी असलेल्या काही घड्याळांची हमी फक्त जपानपुरती असते. सेइको, सिटिझन आणि कॅसिओ तिघांचीही भारतात विक्री आणि सेवा आहे, पण हमीपत्रावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि घड्याळाचा क्रमांक नसेल तर त्याचा उपयोग नाही. या तिन्ही गोष्टी तिथेच, खुर्चीतून उठण्याआधी तपासा. नंतरच्या सर्व्हिसिंगचाही विचार करा. साधं ऑटोमॅटिक आपल्या गल्लीतले जाणते घड्याळवाले काका उघडू शकतात. सेइकोच्या स्प्रिंग ड्राइव्हसारखं (स्प्रिंग आणि क्वार्ट्झ एकत्र असलेलं) यंत्र त्यांच्याकडे द्यायचं नाही, ते कंपनीकडेच जावं लागतं.

कराचा हिशोब

जपानमध्ये उपभोग कर १० टक्के आहे. किमतीखाली 'झेइकोमि' म्हटलं असेल तर करासह, 'झेइनुकि' असेल तर कराशिवाय. लिपी वाचता येत नसेल तर दोन आकड्यांतला मोठा करासह. थोडक्या काळासाठी आलेल्या पर्यटकाला हा कर माफ होतो. खरेदी कराशिवाय किमान ५,००० येनची हवी. पासपोर्ट मूळ लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही. त्यावर जपानमध्ये प्रवेश केल्याची नोंद असावी लागते.

मला वाटलं होतं बहिणीच्या नावावर घेऊ, तिला भाषाही येते. पण ती तिथे राहते आणि काम करते, म्हणून तिला ही सवलत नाही. घड्याळ तुमच्या पासपोर्टवर आणि तुमच्याच नावाच्या कार्डाने घ्या. तिथल्या नातेवाइकाला दुभाषी म्हणून सोबत न्यावं.

३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत कराची सूट दुकानातच मिळते. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये बहुधा आधी पूर्ण रक्कम भरून, त्याच दिवशी पावती आणि घड्याळ घेऊन करमाफीच्या काउंटरवर जायचं. तिथे साधारण दीड टक्का सेवाशुल्क कापून कर परत देतात. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते. दुकानात करासह पूर्ण पैसे भरायचे, ९० दिवसांच्या आत देश सोडताना विमानतळावर कस्टम्सला वस्तू दाखवायची आणि मग कर परत मिळतो. म्हणजे त्या तारखेनंतर जाणाऱ्यांनी विमानतळावर जास्त वेळ हाताशी ठेवावा. दोन्ही पद्धतींत घड्याळ चेक-इन बॅगेत टाकू नका, जवळच ठेवा.

दहा टक्के कर माफ म्हणजे छापील किमतीत दहा टक्के सूट नव्हे. १,१०,००० येन करासह म्हणजे मूळ १,००,००० आणि कर १०,०००. छापील किमतीवर ती नऊ टक्क्यांच्या आसपास पडते.

पैसे भरताना मशीन विचारतं, रुपयांत की येनमध्ये? नेहमी येन निवडा. रुपये निवडले तर दर दुकानदाराची बँक ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच तुमच्या तोट्याचा असतो. तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहाराचं किती शुल्क लागतं हे निघण्याआधी बँकेला विचारून ठेवा. रोख देणार असाल तर नोटा हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवा.

मुंबईला उतरल्यावर

या पायरीला लोक सगळ्यात कमी महत्त्व देतात आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. परदेशातून आणलेल्या वस्तूंवर ठरावीक रकमेपर्यंत शुल्क नसतं. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५०,००० रुपये होती. सरकार ती बदलतं, म्हणून निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर चालू आकडा आणि दर बघा. हिशोबाची रीत कळावी म्हणून तेच जुने आकडे धरू. १,००,००० येनचं घड्याळ, १०० येनला ६० रुपये धरले तर ६०,००० रुपये. मर्यादेवरच्या १०,००० वर ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के, अर्थात ३,८५० रुपये. ही रक्कम घड्याळाच्या किमतीत घरूनच मिळवा आणि मग ठरवा घ्यायचं का.

नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एका घड्याळाला लावता येत नाही. बॅगेतल्या बाकीच्या नव्या वस्तूही त्याच मर्यादेत मोजल्या जातात. घड्याळ हातात घातलं म्हणून ते जुनं ठरत नाही, आणि पेटी टाकून दिली तर फक्त तुमची पेटी जाते. मर्यादेच्या वर असेल तर सरळ लाल मार्गाने, म्हणजे वस्तू जाहीर करणाऱ्यांच्या रांगेने जा, बिल दाखवा, शुल्क भरा, पावती जपून ठेवा. पुढच्या प्रवासात तेच घड्याळ घालून जाताना ती पावती उपयोगी पडते. मी दुसऱ्या वेळी तसंच केलं. वीस मिनिटं लागली आणि बाहेर येताना मनावर काही ओझं नव्हतं.

काटे जुळवणं

टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे. बरीच जण विमानातच चावी ओढून काटे उलटे फिरवतात. तारखेचं यांत्रिक घड्याळ असेल तर तसं करू नका. घड्याळावर रात्री ९ ते पहाटे ४ या वेळेत तारीख बदलणारी चक्रं एकमेकांत अडकलेली असतात. तेव्हा तारीख चावीने बदलली तर दाते तुटू शकतात. आधी काटे साडेसहाच्या आसपास आणा, चावी मधल्या टप्प्यावर ठेवून कालची तारीख लावा, मग चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत राहा. तारीख बदलली की मध्यरात्र झाली. तिथून आपली वेळ सकाळची असेल तर तिथपर्यंत या, दुपारनंतरची असेल तर बारा तास आणखी पुढे. शेवटी चावी आत दाबा, आणि ती वळवून बसवायची असेल तर घट्ट बसेपर्यंत वळवा. ती उघडी राहिली तर १० बारचं घड्याळही पहिल्याच सरीत आतून धुकं धरतं.